टेबलापाशी उभी स्त्री : वॉल्टर टेव्हिस यांच्या कादंबऱ्या आणि महिलांचे व्यावसायिक पूल

प्रास्ताविक

अमेरिकन कादंबरीकार वॉल्टर टेव्हिस (१९२८-१९८४) यांची 'द हस्लर' ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि दोनच वर्षांनी दिग्दर्शक रॉबर्ट रॉसन यांनी तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट काढला. धुराने कोंदलेला हॉल, हिरव्या कापडावर पडलेला दिव्याचा झोत आणि भिंतीला टेकून पैजेचे पैसे मोजणारे पुरुष ही पूल या खेळाची जगभर रूढ झालेली प्रतिमा मुख्यतः या दोन कृतींनी घडवली. तिच्यात स्त्रीला स्थान आहे, परंतु ते टेबलापाशी उभे राहून पाहणारीचे आहे. क्यू तिच्या हाती येत नाही. या कृतींची चर्चा बहुधा नायक एडी फेल्सन याच्या नैतिक जडणघडणीच्या अंगाने केली जाते. प्रस्तुत लेखात त्यांचे वाचन महिलांच्या व्यावसायिक पूलच्या इतिहासासमोर ठेवून केले आहे. ज्या खेळात अंगबळाला फारसे महत्त्व नाही, त्यात स्त्रियांची स्पर्धा वेगळी का भरवली जाते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे सर्वांत विश्वसनीय उत्तर टेव्हिस यांनी आपल्या कादंबरीत, बहुधा नकळत, लिहून ठेवले आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने एक खुलासा प्रथमच करणे इष्ट ठरेल. महाराष्ट्रात बिलियर्ड्स आणि स्नूकर हे खेळ दीर्घकाळ जिमखाना आणि क्लब यांच्या आश्रयाने वाढले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले, तेव्हा या खेळाभोवती सभासदत्व, शिष्टाचार आणि काहीसा साहेबी रुबाब यांचे वातावरण होते. टेव्हिस यांचा पूल-हॉल ही अगदी निराळी वास्तू आहे. तेथे सभासदत्व लागत नाही, कोणीही रस्त्यावरून आत येतो. हे 'कोणीही' मात्र पुरुषांपुरतेच असते.

पूल-हॉल : एक पाठशाळा

'हस्लर' म्हणजे आपले कसब लपवून अनोळखी माणसाला पैजेत ओढणारा खेळाडू. एडी हा असा तरबेज खेळाडू असून मिनेसोटा फॅट्स या नामांकित खेळाडूला हरवण्यासाठी तो शिकागोला येतो. दोघांमधील प्रदीर्घ सामन्यात आरंभी एडी जिंकतो, पण दारू, थकवा आणि अहंकार यांच्यापायी अखेरीस सर्वस्व गमावतो. पुढे बर्ट गॉर्डन हा जुगारी त्याच्यावर पैसे लावू पाहतो. एका हॉलमध्ये त्याची लबाडी उघडकीस येते आणि तेथील माणसे त्याचे अंगठे मोडतात. जखमा भरल्यावर तो पुन्हा खेळतो आणि फॅट्सला हरवतो.

कथानकाचा हा सांगाडा ध्यानात घेतला, तर 'द हस्लर' ही एका शिक्षणक्रमाची कादंबरी आहे हे लक्षात येते. एडी जे शिकतो ते एखाद्या प्रशिक्षकाकडून किंवा पुस्तकातून शिकत नाही. रात्रभर जागून, परक्या शहरांत हिंडून, स्वतःचे आणि दुसऱ्याचे पैसे हरून तो शिकतो. प्रतिस्पर्ध्याचा चेहरा वाचणे, हरत असताना वेळीच थांबणे, थकलेल्या हाताने शेवटचा चेंडू खिशात घालणे या गोष्टी त्याला पैजेच्या सामन्यातच मिळतात. टेव्हिस यांचे वर्णन इतके नेमके आहे की वाचकाला या पाठशाळेचे प्रवेशाचे नियमही कळतात. रात्री-अपरात्री एकट्याने फिरता आले पाहिजे, अनोळखी माणसाशी पैज मारता आली पाहिजे, पैसे लावणारा कोणीतरी मिळाला पाहिजे आणि मार खाण्याची तयारी हवी. १९५० च्या दशकातील अमेरिकेत यांपैकी एकही अट स्त्रीला सहज पुरी करता येण्याजोगी नव्हती.

स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या स्पर्धांचे समर्थन करताना पहिल्या फटक्याच्या, म्हणजे 'ब्रेक'च्या, ताकदीकडे बोट दाखवले जाते. 'नाईन-बॉल' या प्रकारात या मुद्द्यात तथ्य आहे. तेथे रचलेले चेंडू जोराने फोडल्यास पहिल्याच फटक्यात डाव हाती येऊ शकतो. परंतु एडी आणि फॅट्स खेळतात तो 'स्ट्रेट पूल'. त्यात प्रत्येक चेंडूला एक गुण असतो आणि सुरुवातीचा फटका बचावात्मक असतो. रचलेले चेंडू शक्यतो विखुरू नयेत आणि पांढरा चेंडू सुरक्षित जागी परतावा एवढाच त्याचा हेतू असतो. पुढचे काम नियोजनाचे आणि हलक्या हाताचे आहे. अमेरिकेत अनेक दशके विजेतेपदाचा खेळ म्हणून हाच प्रकार मानला जात होता आणि त्यातही स्त्रियांची स्पर्धा वेगळीच भरत असे. तेव्हा ब्रेकच्या ताकदीचे कारण फार दूरवर नेता येत नाही. 'द हस्लर' वाचल्यावर भेदाचे मूळ देहापेक्षा हॉलच्या दारात शोधावे लागते.

ऐकणारी सारा

कादंबरीतील सारा पॅकर्ड ही लंगडत चालणारी, मद्याच्या आहारी गेलेली, शिकलेली आणि एकाकी तरुणी आहे. एडीचे अंगठे मोडल्यावर तीच त्याची शुश्रूषा करते. चित्रपटातील सहलीच्या प्रसंगात एडी तिला खेळ रंगात आल्यावर काय वाटते ते सांगतो. क्यू आपल्या हाताचाच भाग होतो, लाकडालाही शिरा फुटतात, अशा आशयाचे त्याचे बोलणे हा त्या चित्रपटाचा गाभा आहे. पूलच्या आनंदाचे इतके सरस निवेदन ज्या व्यक्तीला उद्देशून केले आहे, तिने कधी क्यू हातात धरून पाहावा हे मात्र एडीला सुचत नाही आणि पटकथेलाही सुचत नाही. साराचे काम समजून घेण्याचे आहे. पायपर लॉरी यांनी ते इतक्या उत्कटतेने केले आहे की ही उणीव पहिल्या पाहण्यात जाणवतही नाही.

येथे कादंबरी आणि चित्रपट यांत महत्त्वाचा फरक आहे. कादंबरीत सारा मरत नाही. चित्रपटात ती लुईव्हिलच्या हॉटेलात आत्महत्या करते आणि तिच्या मृत्यूने पोळलेला एडी अंतिम सामन्यात अजिंक्य ठरतो. नायकाच्या अंगी 'चारित्र्य' येण्यासाठी स्त्रीच्या मरणाचे इंधन वापरण्याची ही युक्ती परिणामकारक असली, तरी कलादृष्ट्या स्वस्त आहे. टेव्हिस यांनी ती टाळली होती, हे त्यांच्या संयमाचे लक्षण मानले पाहिजे.

याच भागात एक विलक्षण योग आहे. धनिक फिंडले याच्या घरी एडीला जो खेळ खेळावा लागतो, तो खिसे नसलेल्या टेबलावरचा 'थ्री-कुशन' बिलियर्ड्स आहे. चित्रपटात सारा त्या तळघरात येते, एडीला परत फिरण्याची विनवणी करते आणि तिला दूर सारले जाते. स्त्रीला ज्या टेबलापासून असे हुसकावले जाते, त्या प्रकारात त्यापूर्वी सातच वर्षे एक स्त्री जगात चौथी आली होती. जपानच्या मासाको कात्सुरा यांनी १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील जागतिक थ्री-कुशन स्पर्धेत पुरुषांबरोबर खेळून सातवा क्रमांक मिळवला. १९५३ मध्ये त्या पाचव्या आणि १९५४ मध्ये चौथ्या आल्या. चित्रपटकर्त्यांना हे माहीत असावे अशी अपेक्षा करण्याचे कारण नाही. तरीही या खेळाच्या सर्वांत प्रभावी कथेने स्त्रीला तळघराच्या दाराशी थांबवले, तेव्हा वस्तुस्थिती कथेच्या पुढे गेलेली होती, याची नोंद समीक्षेने घेतली पाहिजे.

बुद्धिबळाच्या पटाकडे

टेव्हिस यांना प्रतिभावान स्त्री रंगवता येत नव्हती, असे म्हणण्यास जागा नाही. १९८३ मधील 'द क्वीन्स गॅम्बिट' या कादंबरीत त्यांनी बेथ हार्मन ही बुद्धिबळपटू निर्माण केली. अनाथालयाच्या तळघरात शायबेल या सफाई कामगाराकडून ती खेळ शिकते, पुढे पुरुषांना हरवत मॉस्कोपर्यंत पोचते. व्यसन, एकाकीपणा आणि जिंकण्याची भूक ही एडीचीच सामग्री लेखकाने तिला दिली आहे. मग त्यांनी तिला बुद्धिबळच का दिले? लेखकाला तो खेळ परिचित होता, हे एक उत्तर झाले. याहून रोचक उत्तर दोन खेळांच्या स्वरूपात सापडते. एक म्हातारा शिक्षक, एक पट आणि एक पुस्तक एवढ्यावर बेथचे भागते. अंथरुणात पडल्या पडल्या ती मनातल्या मनात डाव खेळू शकते. पूल असा मनात खेळून येत नाही. त्याला जड टेबल लागते, टेबलाला मोठी जागा आणि त्या जागेत तासन् तास राहण्याची मुभा लागते. पटावरच्या नायिकेसाठी लेखकाला समाजाशी फार घासाघीस करावी लागली नाही. टेबलावरच्या नायिकेसाठी ती करावी लागली असती.

(बेथच्या कथेलाही वास्तवातील स्त्री पेललीच असे नाही. २०२० मधील दूरचित्रमालिकेत जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विली पुरुषांशी कधी खेळल्याच नाहीत, असे विधान आले. वस्तुतः त्या अनेक पुरुष खेळाडूंशी खेळल्या होत्या. त्यांनी २०२१ मध्ये निर्मात्या कंपनीवर दावा लावला आणि पुढल्या वर्षी तो तडजोडीने मिटला. मूळ कादंबरीत ही चूक नाही.)

टेव्हिस यांची शेवटची कादंबरी 'द कलर ऑफ मनी' १९८४ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, आली. पन्नाशीतला एडी येथे पुन्हा क्यू उचलतो. त्याची सोबतीण अ‍ॅराबेला ही स्वतंत्र बुद्धीची, लोककलेच्या व्यवसायात त्याची भागीदार होणारी स्त्री आहे. साराच्या मानाने हा मोठा पल्ला आहे, पण अ‍ॅराबेलाही खेळाडू नाही. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या १९८६ च्या चित्रपटाने या कादंबरीचे नाव आणि एडी एवढेच घेतले, बाकी कथा नवी रचली. त्यातील कार्मेनला माणसांची पारख तिच्या प्रियकरापेक्षा, व्हिन्सेंटपेक्षा, कितीतरी जास्त आहे. डाव केव्हा हरायचा आणि पैज केव्हा वाढवायची हे एडी तिलाच आधी समजावतो. म्हणजे हस्लरची निम्मी विद्या तिला अवगत आहे, तरी खेळण्याचे काम व्हिन्सेंटचेच राहते. स्टीव्ह मिझेराक, कीथ मॅक्रेडी अशा खऱ्या व्यावसायिकांना या चित्रपटाने भूमिका दिल्या. एडी आणि व्हिन्सेंट यांच्यासमोर टेबलावर उभ्या राहणाऱ्या महत्त्वाच्या प्रतिस्पर्ध्यांत मात्र स्त्री नाही.

घरातले टेबल

आता खऱ्या खेळाडूंकडे वळले असता एक समान धागा चटकन नजरेत भरतो. पेनसिल्व्हेनियातील रूथ मॅकगिनिस या १९३० च्या दशकातील अग्रगण्य महिला खेळाडू. त्यांच्या वडिलांच्या केशकर्तनालयात पूलची टेबले होती. कात्सुरा आपल्या मेहुण्यांच्या बिलियर्ड्स हॉलमध्ये शिकल्या. ब्रुकलिनच्या जीन बालुकस (जन्म १९५९) यांच्या कुटुंबाचाच हॉल होता. १९८१ मध्ये पंधराव्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या लोरी जॉन यांच्या घरी टेबल होते. रस्त्यावरून हॉलमध्ये शिरणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्यापैकी ज्यांच्या घरातच हॉल होता त्या खेळाडू झाल्या. बापाची, भावाची, मेहुण्याची नजर हा त्यांचा परवाना होता. अशी घरे किती असणार? विजेत्या स्त्रिया संख्येने थोड्या का, याचा हिशेब येथे लागतो. कसब मोजायचे असेल, तर आधी टेबलापर्यंत किती जणी पोचल्या हे मोजावे लागेल.

या परंपरेत बालुकस यांचे स्थान असामान्य आहे. वयाच्या नवव्या वर्षी त्या अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या महिला विभागात उतरल्या. १९७२ ते १९७८ अशी सलग सात वर्षे त्यांनी या स्पर्धेतील स्ट्रेट पूलचे विजेतेपद राखले. त्यांच्याआधी पाच वर्षे ते डोरोथी वाइज यांच्याकडे होते. १९८५ मध्ये, विशीतच, बालुकस यांना बिलियर्ड्स काँग्रेस ऑफ अमेरिकाच्या सन्मानदालनात स्थान मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या वाइज यांच्यानंतरच्या दुसऱ्या स्त्री. टेव्हिस वृद्ध होत चाललेल्या एडीची कहाणी लिहीत होते, त्या काळात त्यांच्याच देशात ही तरुणी आपल्या विभागात जवळजवळ प्रतिस्पर्ध्यावाचून खेळत होती.

उसने नाव आणि स्वतःचे नाव

कथा आणि खेळ यांच्या देवघेवीचे सर्वांत मजेदार उदाहरण 'मिनेसोटा फॅट्स' या नावाचे आहे. चित्रपट गाजल्यावर रुडॉल्फ वँडरोन या स्थूल देहाच्या बडबड्या खेळाडूने, ते पात्र आपल्यावरच बेतले आहे असे सांगून, ते नाव धारण केले. टेव्हिस यांनी हा दावा नाकारला. तरी वँडरोन त्याच नावाने प्रसिद्ध झाला आणि त्यावर जन्मभर जगला. पुरुष खेळाडूला कथेतून एक आयते नाव, आयती दंतकथा आणि उपजीविका मिळाली. स्त्री खेळाडूने कोणाचे नाव उसने घ्यावे? साराचे की कार्मेनचे?

महिलांच्या व्यावसायिक पूलने पुढे जी टोपणनावांची आणि दिमाखाची भाषा अंगीकारली, तिचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. महिला व्यावसायिकांची संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली. अनेक वर्षे त्यांच्या स्पर्धा पुरुषांच्या स्पर्धांना जोडून होत. १९९३ मध्ये संघटनेने स्वतःची स्वतंत्र मालिका सुरू केली आणि ईएसपीएन वाहिनीवरून ती घरोघर पोचली. याच काळात न्यूयॉर्कच्या जेनेट ली 'ब्लॅक विडो' म्हणून पुढे आल्या, तर १९९५ मध्ये इंग्लंडहून आलेल्या अ‍ॅलिसन फिशर 'डचेस ऑफ डूम' झाल्या. 'ब्लॅक विडो' म्हणजे नराला खाणाऱ्या कोळिणीची एक जात. काळा पोशाख आणि रोखलेली नजर यांनी ली यांनी ही भूमिका पुरेपूर वठवली. गंभीर खेळाला हे सोंग शोभत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी चूक नाही. कॅमेरा फटक्यापेक्षा चेहऱ्यावर अधिक रेंगाळतो, तेव्हा पाहणाऱ्या स्त्रीची जागा पाहिल्या जाणाऱ्या स्त्रीने घेतली एवढेच घडते. पण ज्या परंपरेने स्त्रीला एकही खेळाडू-पात्र दिले नव्हते, तिच्यात स्वतःचे पात्र स्वतः रचण्यावाचून गत्यंतर नव्हते, हेही मान्य करावे लागते.

ली यांचे चरित्र दुसऱ्या एका कारणाने 'द हस्लर'चे उत्तर ठरते. त्या हॉलवाल्या घरातल्या नव्हत्या. कोरियन वंशाच्या कुटुंबातील ही मुलगी १९८९ मध्ये अठराव्या वर्षी मॅनहॅटनमधील एका हॉलमध्ये रस्त्यावरून शिरली आणि तेथेच रमली. स्कॉर्सेसी यांच्या चित्रपटानंतर अमेरिकेत पूलची लाट आली होती आणि नवे, उजळ, स्त्रियांना सहज वावरता येतील असे हॉल उघडत होते. ज्या चित्रपटाने कार्मेनला क्यू दिला नाही, त्याच्याच यशाने दुसऱ्या कोणासाठी दार किलकिले व्हावे, ही गमतीची गोष्ट आहे. पाच वर्षांत ली अग्रक्रमांकावर पोचल्या. लहानपणीच जडलेल्या पाठीच्या कण्याच्या विकारामुळे त्यांच्या कण्यात धातूच्या सळ्या बसवलेल्या होत्या आणि टेबलावर ओणवे होण्यातच त्यांचे सारे आयुष्य गेले. चित्रपटात साराच्या लंगड्या पायाला तिच्या पराभवाची खूण बनवले आहे. ली यांच्या कण्याचे तसे प्रतीक करता येत नाही. ते रोजचे दुखणे होते आणि त्यासह सामना खेळायचा होता. २०२१ मध्ये त्यांना अंडाशयाचा कर्करोग चौथ्या अवस्थेत असल्याचे निदान झाले. २०२२ मध्ये त्यांच्यावर ईएसपीएनने माहितीपट काढला.

फिशर यांची वाट आणखी वेगळी. इंग्लंडमध्ये त्या महिलांच्या स्नूकरमध्ये सात वेळा जागतिक विजेत्या झाल्या होत्या. त्या विजेतेपदांवर चरितार्थ चालण्यासारखा नव्हता, म्हणून त्यांनी देश आणि खेळाचा प्रकार दोन्ही बदलले. अमेरिकेत त्यांनी नाईन-बॉलची जागतिक विजेतेपदे १९९६, १९९७, १९९८ आणि २००१ मध्ये मिळवली. वेगळ्या महिला स्पर्धेचे समर्थन करताना हे उदाहरण विसरता येत नाही. स्वतंत्र मालिका नसती, तर या दर्जाच्या खेळाडूला जगण्यासाठी दुसरा व्यवसाय शोधावा लागला असता. ते वेगळेपण एका कुंपणासारखे होते. आतल्यांचे रक्षण करणारे कुंपण बाहेर पाहू इच्छिणाऱ्यालाही अडवते, आणि याचा अनुभव सर्वांत आधी, मालिका स्वतंत्र होण्याच्याही पूर्वी, बालुकस यांना आला.

न लिहिलेली कादंबरी

१९८० च्या दशकात बालुकस पुरुषांच्या स्पर्धांतही उतरू लागल्या. महिला विभागात जिंकण्यासारखे काही उरले नव्हते, हे त्याचे उघड कारण. सहव्यावसायिक स्त्रियांना हे रुचले नाही. आपली स्पर्धा दुय्यम ठरेल, ही त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही. १९८८ मध्ये एका सामन्यातील वर्तनाबद्दल झालेल्या दंडावरून संघटनेशी वाद झाला आणि तिशीही न गाठलेल्या बालुकस यांनी स्पर्धात्मक खेळ सोडला. येथे खलनायक कोणी नाही. एका बाजूला शून्यातून उभी राहू पाहणारी संघटना, दुसऱ्या बाजूला त्या संघटनेच्या चौकटीत न मावणारी खेळाडू. जिंकणे आणि हरणे यांतील नैतिक गुंता हा ज्याचा आयुष्यभराचा विषय होता, त्या लेखकाला याहून चांगले कथाबीज मिळाले नसते. १९८८ पर्यंत मात्र टेव्हिस हयात नव्हते.

'द हस्लर' चित्रपटाच्या अखेरीस बर्ट एडीला बजावतो, की यापुढे मोठ्या पूल-हॉलमध्ये पाऊल ठेवायचे नाही. एडी क्यू घेऊन निघून जातो. त्याच्या त्या निघून जाण्यावर चित्रपट संपला आणि त्याच्या परतण्यावर पाव शतकानंतर एक कादंबरी व एक चित्रपट उभा राहिला. बालुकस व्यावसायिक स्पर्धेत परतल्या नाहीत. त्या ब्रुकलिनमध्ये आपल्या कुटुंबाच्या पूल-हॉलचे काम पाहत राहिल्या.